प्रकरण सातवे : दप्तरावर देखरेख

पंढरपुराहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील करकंब हे पंढरपूर तालुक्यातील एका महसूल मंडळाचे मुख्य गाव असल्यामुळे भोवतालच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची पावले कोणत्या ना कोणत्या दाखल्याच्या निमित्ताने तेथे वळतातच. परंतु जुलैच्या उत्तरार्धात, म्हणजे एकीकडे पीककर्जाची प्रकरणे बँकेत दाखल होत असतात आणि दुसरीकडे खरिपाच्या पीकविम्याची, सामान्यतः 31 जुलै ही, मुदत अंगावर येत असते अशा दिवसांत, या वर्दळीला निराळीच निकड प्राप्त होते. कोणाला सातबारा हवा असतो, कोणाला आठ-अ. सेवा केंद्रातला मुलगा विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने खाली उतरत गट क्रमांक घालतो, पडद्यावरचे चक्र फिरत राहते, आणि बऱ्याच वेळाने तो मान वर करून सांगतो, "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या."

हा निकाल ऐकून परतणाऱ्याला कारणाशी कर्तव्य नसते. पण ज्याच्यावर त्या यंत्रणेची जबाबदारी आहे त्याला कारणावाचून दुसरे काहीही उपयोगाचे नसते. करकंबातील वीज गेली असेल, दूरसंचाराची तार कोठे तुटली असेल, संकेतस्थळ चालवणारा प्रोग्राम बंद पडला असेल, डेटाबेसची डिस्क काठोकाठ भरली असेल, किंवा सर्व काही सुरळीत असूनही एकाच नोंदीसाठी शेकडो मागण्या एकमेकींच्या मागे तिष्ठत असतील. या पाचही अवस्थांत खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसणारे चक्र एकच. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या अवस्था आतून वेगळ्या करून दाखवणे, आणि शक्य तर त्या उद्भवण्यापूर्वी सूचना देणे, हे देखरेखीच्या साधनाचे कार्य होय. असे साधन कसे निवडावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

दप्तराचे स्थलांतर

महसुली दप्तराचा इतिहास पाहिला म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. पिढ्यानपिढ्या गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. 1950 च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने नष्ट झाली आणि ते काम पगारी तलाठ्यांकडे आले. 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि तिच्याखालील 1971 चे अधिकार अभिलेखाचे नियम यांनी गाव नमुना सात, बारा, सहा, आठ-अ यांची आजची चौकट निश्चित केली. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना 1988-89 मध्ये सुरू झाली, 2008 मध्ये तिची जागा अधिक व्यापक कार्यक्रमाने घेतली, त्यातून महाराष्ट्रात ई-फेरफार आला, आणि 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांस खुला झाला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि पेऱ्याची नोंदसुद्धा शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून करू लागला.

या स्थलांतराने लाभ पुष्कळ झाला, परंतु अडथळ्याचे स्वरूप पालटले. पूर्वी एखाद्या सज्जातील रुमाल वाळवीने खाल्ला तर त्या गावापुरते नुकसान होई. शेजारच्या गावाला त्याचा उपसर्ग पोहोचत नसे. आता दप्तर मध्यवर्ती सर्व्हरवर एकवटले आहे, त्यामुळे तेथील एक अडथळा करकंब, भाळवणी, कासेगाव यांना एकाच क्षणी जाणवतो, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत तर सर्वच मागण्या एका दारावर एकदम येऊन आदळतात.

जुन्या व्यवस्थेत मात्र एक शहाणपण होते, आणि ते येथे अगदी तंतोतंत लागू पडते. तलाठी फेरफार लिही, हितसंबंधितांना नोटीस जाई, पण ती नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याचा असे आणि दप्तराची तपासणी तहसील कचेरीकडून होई. लिहिणारा आणि तपासणारा हे एक नसावेत; तपासणाऱ्याने काय पाहायचे ते आधी ठरलेले असावे; दोष आढळल्यास तो कोणाला कळवायचा हेही ठरलेले असावे. डेटाबेसवर देखरेख ठेवणाऱ्या साधनाची निवड करताना याच तीन गोष्टी निर्णायक ठरतात, आणि पडद्यावरील आलेख किती रंगांत रेखाटले जातात हा प्रश्न त्यांच्या पुष्कळ मागून येतो.

काय मोजावे?

पुष्कळ संस्थांत देखरेख म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर किती टक्के व्यग्र आहे, मेमरी किती उरली आणि डिस्क किती भरली एवढेच पाहणे, असा समज असतो. ही मापे आवश्यक आहेत, परंतु ती यंत्राच्या प्रकृतीची आहेत. डेटाबेसची प्रकृती त्याहून निराळी असू शकते. समजा, एका गटाच्या फेरफाराचे काम कोणी अर्धवट उघडे ठेवले आहे, आणि प्रोग्रामने त्या गटाच्या नोंदीवर लावलेले कुलूप सोडलेले नाही. त्याच गटावर वारसाची किंवा बोजाची नोंद करू पाहणारी दुसरी मागणी थांबते, तिच्यामागे तिसरी थांबते, आणि थांबलेली प्रत्येक मागणी आपली जोडणी अडवून बसते. या सर्व काळात प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो, कारण वाट पाहण्याला श्रम पडत नाहीत. यंत्राचे मापक हिरवे असते आणि गावोगावचे काम खोळंबलेले असते.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' नावाचा एक तक्ता असतो, त्यात या प्रसंगाचे यथार्थ चित्र दिसते. प्रत्येक जोडणीसाठी एक ओळ: कोण आले, केव्हापासून आहे, शेवटची आज्ञा काय होती, सध्या अवस्था कोणती, आणि कशाची प्रतीक्षा आहे. वरील प्रसंगी खाली दहा-वीस ओळी 'ॲक्टिव्ह' म्हणून दिसतील, पण त्यांच्या प्रतीक्षेच्या रकान्यात 'लॉक' असे असेल. आणि वर कोठेतरी एकच ओळ 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' या अवस्थेत, वीस मिनिटांपूर्वीची वेळ धारण करून, स्वस्थ पडलेली आढळेल. अपराधी तीच. ज्या साधनाला ही ओळ वेचून दाखवता येत नाही, ते साधन प्रोसेसरचे आलेख कितीही सुबक काढो, डेटाबेसच्या कामाचे नव्हे.

यावरून मोजावयाच्या गोष्टींची यादी आपोआप सिद्ध होते. पहिली, जोडण्यांची संख्या. पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा मूळ मांडणीत 100 असते, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 151. ती संपली की नव्या येणाऱ्याला प्रवेशच मिळत नाही, म्हणून मर्यादेच्या तीनचतुर्थांशाला पोहोचताच सूचना मिळावयास हवी. दुसरी, विलंबाने पूर्ण होणाऱ्या आज्ञा. मायएसक्यूएलची मंद आज्ञांची नोंदवही चालू केली तरी मूळ मांडणीत 10 सेकंदांहून अधिक वेळ घेणारी आज्ञाच ती टिपून ठेवते. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने 10 सेकंद ही फार मोठी मुभा झाली, यास्तव ती एक-दोन सेकंदांवर आणावी. तिसरी, डिस्कवरील मोकळी जागा, आणि तिच्या जोडीने ती कोणत्या वेगाने घटत आहे हेही. चौथी, मूळ सर्व्हर आणि त्याची दुय्यम प्रत यांतील अंतर. पाचवी, शेवटची यशस्वी बॅकअप प्रत किती तासांपूर्वीची आहे.

सहावी गोष्ट डेटाबेसागणिक वेगळी असते, आणि तिच्यासाठीच त्या डेटाबेसची जाण असलेले साधन लागते. पोस्टग्रेस प्रत्येक लेखन-व्यवहाराला एक अनुक्रमांक देतो. हे अनुक्रमांक 32 बिटांचे, म्हणजे सुमारे 429 कोटी. त्यांतील निम्मे भूतकाळाचे आणि निम्मे भविष्यकाळाचे मानले जातात, म्हणून जुन्या नोंदींची वेळेवर सफाई झाली नाही तर सुमारे 214 कोटींच्या आत हा हिशेब संपतो, आणि माहितीचा विपर्यास होऊ नये म्हणून डेटाबेस नवे लेखनच नाकारतो. वस्तुतः 20 कोटींच्या टप्प्यावर सफाई आपोआप सुरू व्हावी अशी योजना आहे. परंतु लेखनाचा भार प्रचंड असला किंवा कोणी जुना व्यवहार उघडा ठेवला तर ती मागे पडते. प्रोग्रामांतील दोषांची नोंद ठेवणारी सेंट्री ही अमेरिकन सेवा जुलै 2015 मध्ये नेमक्या याच कारणाने ठप्प झाली होती. त्या अनुक्रमांकाचे वय महिनोन्‌महिने संथपणे वाढत असते, तेव्हा ते मोजणे एका ओळीचे काम आहे. न मोजल्यास मात्र एके सकाळी सर्व लेखन थांबते.

मोजण्याच्या रीतीविषयी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. शंभर मागण्यांपैकी नव्व्याण्णव 0.1 सेकंदात पूर्ण झाल्या आणि एकीला 30 सेकंद लागले, तर सरासरी भरते सुमारे 0.4 सेकंद. हा आकडा पाहणाऱ्याला सर्व आलबेल वाटेल. पण त्या शंभरातील एक मनुष्य परत गेलेला असतो. म्हणून साधनाने सरासरीबरोबरच सर्वांत संथ एक किंवा पाच टक्के मागण्यांना किती वेळ लागला हे दाखवले पाहिजे.

साधनांचा परिचय

आज प्रचारात असलेली साधने स्थूलमानाने चार घराण्यांत विभागता येतात.

पहिले घराणे नागिओसचे. इथन गॅलस्टॅड याने 1999 मध्ये नेटसेंट या नावाने ते प्रथम प्रसिद्ध केले, पुढे ते नागिओस म्हणून रूढ झाले. त्याचे तत्त्व सरळ आहे: ठरावीक अंतराने एक छोटा तपासणी-प्रोग्राम चालवावा आणि त्याने चारांपैकी एकच उत्तर द्यावे: ठीक, इशारा, गंभीर, किंवा अज्ञात. या 'अज्ञात' उत्तराची योजना करणाऱ्याचे कौतुक करावयास हवे. कारण तपासणीच होऊ शकली नाही ही स्थिती 'ठीक' मध्ये जमा करण्याचा मोह कागदी तपासण्यांतही पुष्कळांना आवरलेला नाही. मात्र गेल्या महिन्यात या वेळी काय होते, या प्रश्नाचे उत्तर मूळ नागिओस नीटसे देत नाही.

दुसरे घराणे झॅबिक्सचे. लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी ते 2001 मध्ये लोकांपुढे आणले. मापन, इतिहास, आलेख, इशारे आणि वापरकर्त्यांचे अधिकार हे सर्व एकाच छत्राखाली मिळते, प्रचलित डेटाबेससाठी तयार साचे मिळतात, आणि बहुतेक काम पडद्यावरील अर्जवजा रकाने भरून होते. स्वतःचा इतिहास ठेवण्यासाठी झॅबिक्सला एक डेटाबेस लागतो, आणि तो ज्याच्यावर देखरेख ठेवायची त्याच सर्व्हरवर थाटण्याचा लोभ होतो. तो कटाक्षाने टाळावा; नाहीतर सर्व्हर कोसळेल त्याच क्षणी तो का कोसळला याचा पुरावाही नाहीसा होईल.

तिसरे घराणे प्रोमेथियसचे. संगीत ऐकवणाऱ्या साउंडक्लाउड या कंपनीत 2012 मध्ये त्याचा आरंभ झाला, आणि 2014 मध्ये टॉर्केल ओडेगार्ड याने सुरू केलेल्या ग्राफाना या आलेख-प्रोग्रामशी त्याची जोडी जमली. येथे मध्यवर्ती निरीक्षक स्वतः प्रत्येक सर्व्हरच्या दाराशी जाऊन आकडे मागून घेतो. मूळ मांडणीत मिनिटातून एकदा. उत्तर आले नाही तर तीच एक नोंद होते. मात्र दोन फेऱ्यांच्या मध्ये वीस सेकंदांसाठी उसळून शमलेली गर्दी त्याला दिसेलच असे नाही, आणि मूळ मांडणीत तो केवळ 15 दिवसांचा इतिहास ठेवतो. ज्या कारभारात गेल्या वर्षीच्या जुलैची तुलना यंदाच्या जुलैशी करावयाची आहे, तेथे ही मुदत वाढवलीच पाहिजे. डेटाबेसचे आकडे काढून देणारा निराळा सहायक प्रोग्राम आणि इशारे पोहोचवणारा आणखी एक, असा त्याचा संसार विभक्त असल्याने तो चालवण्यास जाणते हात लागतात.

चौथे घराणे केवळ डेटाबेससाठीच घडवलेल्या साधनांचे. पर्कोना या कंपनीने 2016 मध्ये आणलेले पीएमएम हे प्रोमेथियसच्याच कल्पनांवर उभारलेले असून मायएसक्यूएल, पोस्टग्रेस व मोंगोडीबी यांतील मंद आज्ञांचे पृथक्करण करून देते; पीजीबॅजर हे पोस्टग्रेसच्या नोंदवह्या वाचून दिवसाचा अहवाल तयार करते; ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या डेटाबेसना त्यांच्या घरचीच साधने आहेत, पण ओरॅकलच्या सविस्तर निदान-अहवालांसाठी स्वतंत्र परवान्याचे शुल्क पडते, हे खरेदीच्या टिपणीत आधीच नमूद असावे. यांखेरीज डेटाडॉगसारख्या भाडोत्री सेवा आहेत: उभारणीचा त्रास नाही, परंतु मासिक देयक सर्व्हरांच्या संख्येबरोबर वाढत जाते आणि आकडे संस्थेच्या आवाराबाहेर जातात.

निवडीचे निकष

आकडे बाहेर जातात ही बाब किरकोळ नाही. जोडण्यांची संख्या बाहेर गेली म्हणून कोणाचे बिघडत नाही. पण मंद आज्ञांच्या नोंदवहीत आज्ञा जशीच्या तशी उतरते, आणि त्या आज्ञेत खातेदाराचे नाव, आधार क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक असू शकतो. पोस्टग्रेसच्या 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स' या पूरक प्रोग्राममध्ये अशा किमती गाळून त्यांच्या जागी खुणा ठेवल्या जातात, नोंदवहीत तसे होत नाही. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर हा भेद संस्थेच्या चालकांनी स्वतः समजून घेण्याजोगा आहे. तसेच निरीक्षकाला डेटाबेसचे सर्वाधिकार बहाल करण्याचे काही कारण नाही. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून 'पीजी_मॉनिटर' ही केवळ पाहण्यापुरती भूमिका उपलब्ध आहे, तीच द्यावी.

दुसरा निकष मनुष्यबळाचा. परिसरातील एखाद्या साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. गळीत हंगामात काट्यावर रात्रंदिवस उसाच्या गाड्या येतात, प्रत्येक वजनाची पावती डेटाबेसमधून निघते, आणि काटा अर्धा तास थांबला तर गाड्यांची रांग रस्त्यावर येते. संगणक विभागात मात्र दोन माणसे, त्यांतले एक रजेवर. अशा ठिकाणी प्रोमेथियसचा विभक्त संसार पेलणार नाही. वेगळ्या लहान यंत्रावर बसवलेला झॅबिक्स किंवा पीएमएम, सकाळी एकदा वाचावयाचा पीजीबॅजरचा अहवाल, आणि चार-पाचच इशारे, एवढ्यावर उत्तम काम भागते. पतसंस्थेची गरज याहून लहान: डिस्क, बॅकअप आणि जोडण्या. उलट शेकडो सर्व्हर चालवणाऱ्या राज्यस्तरीय व्यवस्थेला प्रोमेथियसचीच लवचीकता मानवते, कारण तेथे सर्व्हरांची यादी सतत बदलत असते.

तिसरा निकष इशाऱ्यांचा, आणि याच ठिकाणी सर्वाधिक चुका होतात. नव्या साधनाच्या उत्साहात पन्नास इशारे चालू केले जातात. आठवड्याभरात भ्रमणध्वनीवर इतके संदेश येऊन पडतात की मनुष्य ते न वाचताच पुसू लागतो, आणि खरा संदेश त्यांच्याबरोबर पुसला जातो. प्रत्येक इशाऱ्याला उद्देशून तीन प्रश्न विचारावेत: तो कोणाला जाईल, त्याने तत्क्षणी काय करायचे, आणि त्याने काही केले नाही तर किती वेळाने तो वरिष्ठाकडे जाईल? ज्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही त्याने रात्री कोणाला उठवू नये. त्याची जागा सकाळच्या अहवालात.

देखरेखीवर देखरेख

सर्व निकष पाळूनही एक छिद्र उरते, आणि ते किती महाग पडते हे 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या विख्यात कंपनीत दिसून आले. डेटाबेसवरील अतिरिक्त भाराने दुय्यम प्रत मागे पडली होती. ती नव्याने उभी करण्याच्या खटपटीत एका अभियंत्याने, आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत अशा समजुतीने, मूळ सर्व्हरवरील माहितीच पुसून टाकली. बॅकअपकडे वळावे तर साठवणीच्या जागी काहीच नव्हते: बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने ते काम दररोज अयशस्वी होत होते. आणि हे अपयश कळवणारे ईमेल? ते नियमाने निघत होते. पण प्रेषकाच्या सत्यतेची पूर्तता त्यांत नसल्यामुळे टपाल-सर्व्हर ते दारातूनच परत लावीत होता. कोणा एकाने सुमारे सहा तासांपूर्वी सहज घेऊन ठेवलेली प्रत हाताशी होती, म्हणून नुकसान सहा तासांच्या माहितीपुरते राहिले. त्या कंपनीने ही हकीकत न लपवता जगापुढे मांडली, हे तिचे उपकारच मानले पाहिजेत.

या प्रसंगात साधनांची उणीव नव्हती. साधन होते, ते दोष ओळखत होते, ते बोलतही होते; ऐकणाऱ्यापर्यंत आवाज पोहोचतो की नाही याची खातरजमा तेवढी कोणी केली नव्हती. म्हणून शांततेला सुस्थितीचा पुरावा मानू नये. बॅकअप अयशस्वी झाल्यास संदेश यावा या योजनेपेक्षा, यशस्वी झाल्याचा संदेश रोज यावा आणि तो ठरल्या वेळी आला नाही तर दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहून विचारणा व्हावी, ही योजना अधिक भरवशाची आहे. मंडळ अधिकाऱ्याच्या वर तहसीलदार असतो तो याचसाठी.

तात्पर्य, साधन निवडण्याचा क्रम उलटा आहे. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढावे की आपला सर्व्हर आजवर कोणकोणत्या कारणांनी अडला, त्यांपैकी कोणते कारण किती आधी कळले असते तर निभावले असते, आणि ते कळवून घेण्यास रात्री कोण उपलब्ध आहे. मग दोन साधने निवडून प्रत्येकाला महिनाभर, आणि त्या महिन्यात मुदतीचा शेवटचा आठवडा येईल अशा बेताने, चालवून पाहावे. अखेरीस, कामकाज बंद असलेल्या एखाद्या रविवारी, कोणालाही न सांगता चाचणीच्या सर्व्हरवर एक व्यवहार उघडा ठेवावा, दुसऱ्या दिवशी डिस्क मुद्दाम भरावी, तिसऱ्या दिवशी देखरेखीचे यंत्रच बंद करावे, आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावून बसावे. ज्या साधनाने तिन्ही प्रसंगी योग्य माणसाचा फोन पाच मिनिटांच्या आत वाजवला आणि बिघाड कोठे आहे हे त्याला पहिल्याच संदेशात सांगितले, ते घ्यावे; मग त्याचे आलेख काळ्या रंगात असोत की सात रंगांत, आणि त्याची किंमत शून्य असो की लाखांत.